माईकच्या पाठीमागे

गोरेथ : नाही आई, तुम्ही आत बसायचं नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत गाणारा आणि त्याचं वाद्य, बास.

मिबुरो : मग आम्ही निघालो. बुतोयी, उचल ती काठवट.

बुतोयी : इनांगाला काठवट काय म्हणता? तारा आहेत तिला.

मिबुरो : रागावलो की काठवट म्हणतो.

गोरेथ : बाबा, मुराम्व्याचा घाट उतरून, दोन गाड्या बदलून बुजुंबुराच्या या उकाड्यात आलात, आणि आता एका स्टुलावरून परत जाणार?

मिबुरो : आयुष्यभर ही माझ्यासमोर बसत आलीय. गाणं कुजबुजून म्हणायचं असतं, पोरी. समोर कुणी नसेल तर कुजबुजायचं कुणाशी? भिंतीशी? भिंतीशी कुजबुजणाऱ्याला आमच्या टेकडीवर बांधून ठेवतात.

गोरेथ : बरं. बसा आई. त्यांच्या समोर, हा माईक मध्ये ठेवून. पण खोकायचं नाही, कापड सावरायचं नाही. हा पूर्वीचा माईक नाही. कंडेन्सर आहे. माशीनं पाय चोळले तरी ऐकतो.

बुतोयी : मग रात्री ह्यांच्या उशाशी ठेव. आपण होऊन परत जाईल.

गोरेथ : एक तर परत जाणारच आहे. दारेसलामच्या दुकानदारानं दोन पाठवलेत, वापरून बघायला. हा जाडा आणि हा बारका. संध्याकाळच्या बसनं एक परत पाठवायचा. मला एकच ठेवता येतो.

मिबुरो : हा जाडा तर जाळीत कोंबलेल्या कणसासारखा दिसतो. काय फरक आहे दोघांत?

गोरेथ : जाडा आपल्या समोरचं तेवढं ऐकतो, पाठीमागचं सोडून देतो. बारक्याला पाठ नाही. तो चहूकडचं ऐकतो.

बुतोयी : म्हणजे जाडा नवरा आणि बारका सासू.

मिबुरो : आणि हे माझ्या गाण्यावर का ठरवतेस? तुझ्याकडं चर्चची पोरं येतात ना ओरडायला? त्यांच्यावर ठरव.

गोरेथ : ओरडणं कुठल्याही माईकला येतं, बाबा. कुजबुज पकडेल तो माईक. मागच्या खेपेला जुन्या माईकवर तुमची गाय घेतली आणि रेडिओवर नेली. तिथला माणूस म्हणाला, तार ऐकू येते, गाणारा कुठाय? आजारी होता का? मी तिथंच ठरवलं. रुवुबू नदी ओलांडणाऱ्या गाईचं गाणं आता तुमच्याशिवाय कुणाला येत नाही. ते नीट उतरल्याशिवाय मी तुम्हाला घाट चढू देणार नाही.

बुतोयी : ऐका. कैद केलं आपल्याला.

गोरेथ : दोन्ही माईक एकमेकांना चिकटवून उभे केलेत. एकच गाणं, दोघं ऐकतील. मी काचेपलीकडं जाते. हात वर केला की सुरू करा. वीज आहे तोवर उरकू.

जाडा : तंग. तंगतंग. श्वास. तंग. श्वास. तंगतंग. नख तारेवरून घसरलं. श्वास.

बारका : तंग. कपाळावर चांदणी घेऊन ती उतरली. सईदी, पाना कुठं ठेवलास? तंगतंग. उतरली रुवुबूकडं, मागं वासरू हंबरलं. ठण्. तू मागं बघू नकोस, बघितलंस तर पाणी. अरे पाना! वाढेल. तंग.

गोरेथ : थांबा! थांबा, बाबा. जाड्यात बिघाड आहे.

मिबुरो : आत्ताशी गाय भिजली होती.

गोरेथ : हे हेडफोन घाला. हा जाडा. तार कशी लख्ख आहे बघा. नखसुद्धा ऐकू येतं. आणि शब्द? एक नाही. आता हा बारका. शेजारचं गॅरेज आहे, सईदी आहे, त्याचा पाना आहे, पण शब्द सगळे आहेत. एका खोलीत, एका वेळी, खांद्याला खांदा लावून उभे केले होते दोघं.

बुतोयी : मग झालं की. जाडा परत पाठव. उठा हो, पोरीचं काम झालं.

गोरेथ : आई, ऐकून तरी बघा.

बुतोयी : दे. हं. अगं बाई. ही तार? ही आपली तार आहे? माझ्याच मांडीवर कुणी वाजवतंय असं वाटतं.

मिबुरो : आता काढ ते. मला वाटतं शिंगं फुटलीत तुला.

गोरेथ : दुकानदाराला बिघाड दाखवायला लागेल. बाबा, जाड्यासमोर नुसतं बोला. नाव, गाव, काहीही.

जाडा : मिबुरो. मुराम्व्याचा. गाई तीन, बायको एक. गाई ऐकतात.

गोरेथ : स्वच्छ. आता तेच कुजबुजून.

जाडा : मिबुरो. मुराम्व्याचा. घसा कोरडा पडलाय, इथं कुणी विचारत नाही.

गोरेथ : हेही स्वच्छ. म्हणजे माईक चांगला आहे. मग मघाशी…

बुतोयी : घसा कोरडा पडलाय म्हणाले. ऐकलंस ना? अहो, कोपऱ्यावर केळ्याची दारू मिळते. सावलीत बसून थोडी घ्या जा.

मिबुरो : दुपारी? तूच सांगतेस?

बुतोयी : सांगतेय ना.

मिबुरो : ही आपण होऊन प्यायला पाठवते म्हणजे आता बायकांचं काहीतरी बोलणं आहे. जातो बाबा.

गोरेथ : आई, जाड्याची पाठ तुमच्याकडं होती.

बुतोयी : असेल. मला कुठं त्याचं पाठ-पोट कळतं?

गोरेथ : तो पाठीमागचं ऐकत नाही.

बुतोयी : ते मघाशी सांगितलंस. फार हुशार माईक आहे, त्याला पाठवून दे.

गोरेथ : शब्द तुम्ही म्हणत होता.

बुतोयी : हळू बोल. तो बारका चालू आहे का अजून?

गोरेथ : बंद केलाय. दोन्ही बंद आहेत.

बुतोयी : आमच्या धाकटीच्या लग्नात झालं पहिल्यांदा. घडा मध्ये ठेवलेला, माणसं नळ्या लावून पीत बसलेली, आणि गाय नदीत उतरली न् उतरली, हे थांबले. बोटं चालू, ओठ हलतायत, शब्द नाही. डोळे असे, रस्ता चुकलेल्या माणसासारखे. मी समोरच होते. तोंडावर कापड घेतलं आणि पुढची ओळ म्हटली.

गोरेथ : कुणाला कळलं नाही?

बुतोयी : कसं कळणार? कुजबुजीवरून बाई की बाप्या ते कुणाला ओळखू येतं? सूर तारेचा असतो, शब्द त्याच्यावर बसतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणाराच गातोय. तुला नाही वाटलं?

गोरेथ : वाटलं. आत्तासुद्धा वाटलं. आणि बाबांना?

बुतोयी : त्यांनाही तसंच वाटतं. आधी नुसती नदी गेली होती. मग वासरू गेलं. आता सगळं गाणं माझ्याकडं येऊन बसलंय. ते ओठ हलवतात, तार वाजते, शब्द ऐकू येतात. आपणच म्हटलं असं त्यांना वाटतं. वाटू दे.

गोरेथ : डॉक्टरला दाखवलंत?

बुतोयी : डॉक्टर गाणं परत आणून देणार आहे? गोरेथ, टेकडीवर लहान पोरंसुद्धा त्यांना गाईचे धनी म्हणतात. लग्न असो, बारसं असो, त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवतात. ती जागा गेली तर मागं काय उरतं? गुडघे. त्यांना हे कळता कामा नये.

गोरेथ : नाही कळणार. बारका ठेवते मी.

बुतोयी : आणि पान्यावाला सईदी?

गोरेथ : त्याला जाऊन सांगते, हातोडा खाली ठेव. नाही ऐकलं तर त्याच्या गाडीखाली जाऊन झोपते. भिंतींना घोंगड्या ठोकते. दाराला गादी लावते.

बुतोयी : तुझी चर्चची पोरं? बारका त्यांच्याबरोबर अख्खी गल्ली भरून घेईल. तुझं पोट त्यांच्यावर आहे, पोरी.

गोरेथ : त्यांना जुना माईक आहे.

बुतोयी : वेडी आहेस. जाडा चांगला आहे. मी ऐकलाय.

गोरेथ : चांगला आहे म्हणून काय करू? तुमचे शब्द नसतील तर ते गाणं नाही, तंगतंग आहे. मला गाणं हवंय.

बुतोयी : जाड्याला दोघांचं ऐकवता येत नाही?

गोरेथ : येतं. तुम्ही त्यांच्या शेजारी येऊन बसायचं. खांद्याला खांदा. दोघंही त्याच्या समोर. पण मग बाबांना कळेल.

बुतोयी : मग नको.

मिबुरो : काय नको?

बुतोयी : आलात एवढ्यात? प्यायलात तरी का?

मिबुरो : नळीत भुसा अडकला होता. काय ठरलं, पोरी? कुणाला बसमध्ये बसवायचं?

गोरेथ : जाड्याला. बारका ठेवतेय.

मिबुरो : आणि पाना?

गोरेथ : सईदीला गप्प करते.

मिबुरो : सईदीला करशील. कोंबड्याला? त्या फटफट्यांना? माझी नातवंडं म्हातारी झाल्यावर हे गाणं कुणी ऐकेल आणि म्हणेल, त्या काळी मुराम्व्याच्या गाई पाना शोधायला नदीत उतरायच्या. जाडा ठेव.

बुतोयी : अहो, तिला कळतं त्यातलं. तुम्ही कशाला?

मिबुरो : मलाही कळतं. तिनंच सांगितलं, तो समोरचं ऐकतो. मग त्याच्या समोर यायचं. बुतोयी, ते स्टूल उचल.

बुतोयी : कुठं नेऊ?

मिबुरो : इकडं. माझ्या उजव्या हाताला. डाव्या नको, तारेला कोपर लागेल. अजून जवळ. हां.

बुतोयी : मी कशाला तिथं? इनांगाशेजारी बाई बसलेली आपल्याकडं कधी कुणी बघितलीय?

मिबुरो : इथं कोण बघतंय? ही पोर आणि हे कणीस. बस. आणि तोंडावरचं कापड काढ.

बुतोयी : कापडाचं काय?

मिबुरो : त्यातून शब्द ओले होऊन येतात.

बुतोयी : तुम्हाला… कधीपासून?

मिबुरो : लग्नापासून.

बुतोयी : धाकटीच्या?

मिबुरो : मग काय आपल्या?

बुतोयी : आणि इतके दिवस बोलला नाहीत?

मिबुरो : तू बोललीस? मला वाटलं, चाललंय, चालू दे. गाय पलीकडं पोचते ना.

गोरेथ : बाबा…

मिबुरो : तू रडू नकोस गं. माशीचे पाय ऐकणाऱ्या खोलीत नाक ओढू नये, तूच म्हणालीस. बारका डब्यात घाल. बस चुकेल.

गोरेथ : घातला. डबा बंद. आई, थोडं पुढं सरा. अजून. तुम्ही दोघं आणि हा जाडा, एवढंच आहे आता. रेडिओवर नाव कुणाचं सांगायचं ते…

बुतोयी : त्यावरून घाट चढताना भांडू आम्ही. तू काचेपलीकडं जा.

गोरेथ : जाते. हात वर केला की सुरू करा. घ्या.

जाडा : श्वास. श्वास. बुतोयी, नदीपाशी तू घाई करतेस. समोर असायचीस तेव्हा तुझे ओठ बघून मी तार आवरायचो. आता मला ते दिसणार नाहीत. सावकाश उतर. तंग.