काचेच्या दाराचं कॅबिनेट

सौसरहून पांढुर्ण्याकडे निघालेल्या बसमध्ये प्रेमलताबाईंचा नुकताच डोळा लागत होता, पण मागच्या सीटवरच्या दोघांनी झोप पार उडवली.

"वीरेंद्र, गेमिंगचा कॉम्प्युटर तयारच घे म्हणलं होतं ना मी?"

"स्वतः जोडाची हौस होती ना बे, लीलाधर! एकेक पार्ट मांगवून राहिलो होतो. पयले काचेच्या दाराचं रिकामं कॅबिनेट घरी आलं. मी नागपूरले ड्युटीवर."

"मंग?"

"आईचा फोन आला, 'देवासाठी धाडलं का रे?' मी मोबाईलवर गेम खेळून राहिलो होतो. न आयकताच हो म्हणलं."

"अबे!"

"घरी येऊन पाहतो तं कॅबिनेटात गणपती, बालकृष्ण, वरून झेंडूचा हार. आत उदबत्ती जळून राहिली!"

"उदबत्ती? कॅबिनेटात?"

प्रेमलताबाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

"मंग काढ ना देव बाहीर!" लीलाधर म्हणाला.

"कसे काढू? रामाकोना गावची आत्या येऊन नारळ फोडून गेली. आता हात लावला तं आई म्हणते, देव रस्त्यावर आणले."

"अन् काल ग्राफिक कार्ड आलं, त्याचं काय?"

"त्याचा डब्बाही आईनंच खोलला. म्हणते, याले दोन पंखे हायेत, उन्हाळ्यात देवाले बरे होतीन."