नवीन आहे, बसेल

भ्यांऽऽऽ! असा आवाज आला होता हो, दोरीत पाय अडकलेल्या वासरासारखा, आणि मी घाबरून हात काढून घेतला, म्हटलं गेलं आपलं काम, पहिल्याच पेटीचं वाटोळं केलं आपण... आता नाही, पंचावन्न वर्षं झाली त्याला! इथंच, इंदुरात, बडा गणपतीजवळ कृष्णरावांचं हार्मोनियमचं दुकान होतं आणि मी तिथं नवा कारागीर. कृष्णराव काय म्हणाले माहितीये? पान या गालातून त्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "दिनानाथ, घाबरतोस काय? नवीन आहे, बसेल." बस्स. एवढंच. आणि महिन्याभरात बसली की हो ती पेटी! मग मला सांगा, एवढी मोठी पेटी बसायला महिना घेते, तर हे कानाला लावायचं हेडफोन एका दिवसात कसं बसेल? नाही ना बसणार? मग घरातले सगळे माझ्याकडे असं का बघतायत?

मी तसा कमी बोलणारा माणूस. चौथीनंतर शाळा सुटली, बोलायचं ते पेटीशी बोललो. घरात मी अचानक बोललो तर मांजर दचकतं. पण आज बोलू द्या, कारण नऊ दिवस झाले, माझ्या छातीत धडधड चाललीये, आणि तीसुद्धा मला कानानं नाही, हातानं कळते.

तर झालं असं, की माझी नात कस्तुरी नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात तिनं आईला साडी नाही घेतली, बापाला घड्याळ नाही घेतलं, माझ्यासाठी हे हेडफोन आणलं. काळं, गुबगुबीत, बाजूला एक बारीक निळा दिवा. म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही मोबाईलवर पाहिजे तेवढं गाणं ऐका, वायर नाही काही नाही, आणि आवाज मोठा केला तरी आई ओरडणार नाही!" बघा, किती माया! स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर बसवलं, टोपी सरळ करावी तसं सरळ केलं, आणि लावली भैरवी. माझी रोजची. कुठला सूर कुठं येतो, मला झोपेत पाठ आहे.

आणि तुम्हाला सांगतो... वरचे सूर नव्हतेच! खालचे होते, मधले होते, पण गवई वर चढायला लागला की जणू कुणीतरी त्याच्या तोंडावर दुलई टाकत होतं. सा, रे, ग, म... आणि दुलई!

कस्तुरी समोर बसलेली, डोळे एवढे मोठे करून. "कसंय, आजोबा? आवडलं नाही का?"

आता काय सांगू? तुझ्या पहिल्या पगाराचं हेडफोन बिघडलेलं आहे? की... दुसरं काही बिघडलंय? जन्मभर ज्या कानावर जेवलो... नाही नाही नाही! माझ्या तोंडातून आपोआप कृष्णराव बोलले, "छान आहे गं! नवीन आहे, बसेल."

तिथंच मी फसलो.

कारण ती म्हणाली, "बसेल म्हणजे?" मी तिला समजावलं, की पेटीत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, आम्ही त्यांना सूरच म्हणतो, नवा सूर आधी अडखळतो, वाजून वाजून मोकळा होतो, मग कानस फिरवायची, मग बसतो. ती म्हणाली, "पण आजोबा, सात दिवसांत परत करता येतं हं, नाही आवडलं तर लगेच बोला." आणि स्वयंपाकघरातून माझी सून शोभना, "बाबा, यंत्र कधी मुरतं का? लोणचं आहे का ते? त्यापेक्षा शनिवारी डॉक्टरांकडे नंबर लावते, कान दाखवून येऊ!" मग हळूच, स्वतःशीच, "बसायचं ते बसलंच आहे, कानाला दडे बसलेत." हे हळूच बोललेलं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं! हे असं कसं? तुम्हीच सांगा!

आणि कान दाखवायला मी भितो का? भितोच! तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्या खोलीत कोपऱ्यात हातोद गावच्या भजनमंडळाची पेटी ठेवलीये. बावीस वर्षं झाली, दर वर्षी माझ्याकडेच येते सूर लावायला. आता तेवढी एकच येते. सूर लावून झालेत, परवा न्यायला येणारेत. आता डॉक्टर म्हणाले, की बाबा, तुम्हाला वरचं ऐकू येत नाही, तर मग त्या पेटीचे वरचे सूर मी कशानं लावले? नाकानं? चाळीस माणसं बेसूर गातील आणि मला माना डोलावतील, "वाह दिनानाथजी!" नको हो. बिघाड हेडफोनातच असू दे. देवा, हेडफोनातच! नवीन आहे, बसेल.

मग देवानं विपुलला पाठवलं. विपुल म्हणजे वरच्या मजल्यावरचा, घरात माणसं दोन आणि स्पीकर अकरा. त्यानं हेडफोन हातात घेतलं आणि मला म्हणाला, "अरे दादाजी, टेन्शन नै लेने का! नया पीस है, इसको पकाना पड़ता है. पूरे दो सौ घंटे बजाओ, फिर देखो कैसा खुलता है!"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. शिकलेला पोरगा कृष्णरावांचंच बोलतोय की! दोनशे तास म्हणजे किती? मी बोटांवर केलं, आठ दिवस आणि वर आठ तास. आणि परत करायची मुदत? सात दिवस! म्हणजे चांगलं की वाईट हे कळणार मुदत संपल्यावर! अशी कुठं रीत असते का? कस्तुरी म्हणाली, "आजोबा, नक्की ना? मग नाही घेणार ते परत." मी म्हटलं, नक्की.

मग विपुलनं माझ्या मोबाईलवर एक आवाज घालून दिला. गाणं नाही, बोल नाही, नुसतं श्श्श्श... हे म्हणे हेडफोनला ऐकवायचं, आपण ऐकायचं नाही. मी हेडफोन टॉवेलात गुंडाळलं, लवंगशेवेच्या रिकाम्या मोठ्या डब्यात ठेवलं, झाकण अर्धवट लावलं आणि डबा स्वयंपाकघराच्या फळीवर. दर दोन तासांनी उठून बघायचं, निळा दिवा लागलाय का? लागलाय. बंद पडला? चार्जिंगला लाव, की पुन्हा वाजव. घरात तान्हं मूल असल्यासारखं झालं हो! कणीक मळता मळता शोभना म्हणायची, "बाबा, त्याला दूध पण पाजा."

आणि तिसऱ्या दिवशी काय झालं... मी डब्याशेजारीच स्टुलावर बसून लसूण सोलत होतो आणि शोभना धावत आली, "गॅस! गॅस गळतोय! खिडक्या उघडा!" सिलिंडरचं बटण बंद केलं, शेगडी बंद केली, पंख्याला हात लावू नका, देवघरातली समई विझवली, मला दंडाला धरून अंगणात काढलं, शेजारच्या अरुंधतीताई चप्पल न घालता बाहेर! मग शोभनाच पुन्हा आत गेली, नाकानं हुंगत हुंगत, कान लावत लावत, आणि शेवेचा डबा हातात घेऊन बाहेर आली. श्श्श्श!

सगळे हसले. अरुंधतीताई तर पायरीवर बसूनच हसल्या. शोभना नाही हसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही याच्या शेजारी बसला होतात. एवढं फुसफुसत होतं. तुम्हाला आलं नाही ऐकू?"

मी म्हटलं, "लसणात लक्ष होतं."

लसणात! लसूण काय गातो का?

पाचव्या दिवशी विपुल जिन्यात भेटला. मी म्हटलं, बेटा, बसेल ना? तर डोकं खाजवत म्हणतो, "बैठना तो चाहिए, दादाजी... वैसे कुछ लोग बोलते हैं कि हेडफोन में कुछ नै बदलता, अपना कान ही बदल जाता है." कान बदलतो? अरे, कुठल्या बाजूला बदलतो ते तरी सांग! पण तो दोन दोन पायऱ्या चढत गेलासुद्धा.

सहावा दिवस गेला. सातवा गेला, मुदत संपली. मी मनात म्हणत राहिलो, नवीन आहे, बसेल, नवीन आहे, बसेल... पण हेडफोनला म्हणत होतो की कानाला, आता मलाच कळेना. कारण कान तर नवीन नाहीत ना! त्र्याहत्तर वर्षं वापरलेत.

आणि आज, आत्ता, तासाभरापूर्वी कस्तुरी ऑफिसमधून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, "चला आजोबा, दोनशे तास झाले, आज निकाल!" डबा उघडला, हुंगून म्हणाली, "याला लवंगेचा वास का येतोय?" आणि माझ्या डोक्यावर बसवलं, तसंच, टोपी सरळ केल्यासारखं. मोबाईलवर बोट फिरवलं. मी डोळे मिटले.

आणि काय सांगू तुम्हाला... आली की हो भैरवी! पहिला सा आला, मग रे, मग गवई वर चढायला लागला, मी श्वास धरला, आता पडेल दुलई, आता पडेल... आणि नाही पडली! वरचा सा, काचेसारखा, स्वच्छ, कृष्णरावांच्या दुकानात सकाळी ऐकू यायचा तसा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मांडीवर ताल धरला, जोरात म्हटलं, "वाह! बसलं गं, कस्तुरी! बघ, म्हटलं नव्हतं? नवीन होतं, बसलं! काय खुललंय! तो वरचा सा ऐक, वाह!"

डोळे उघडले. कस्तुरी मोबाईल हातात धरून तशीच उभी. तिनं हळूच माझ्या डोक्यावरून हेडफोन काढलं, स्वतःच्या कानाला लावलं. मग काढून उलटंसुलटं करून बघितलं, आणि तेव्हा मलाही दिसलं.

निळा दिवा बंद होता.

चार्जिंगच नव्हतं हो त्याला! दोनशे तास वाजून वाजून बिचारं दमून झोपलं होतं. मोबाईल त्याला जोडलाच गेला नव्हता, गाणं लागलंच नव्हतं, एक सूर वाजला नव्हता.

मी म्हटलं, "ते... नवीन आहे ना..."

तिनं हेडफोन माझ्या मांडीवर ठेवलं, अगदी अलगद. माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या हातोदच्या पेटीकडे बघितलं, आणि पाठ फिरवून, काही न बोलता आत निघून गेली.

काही न बोलता, असं आपलं मी म्हणतो... बोललीही असेल.