तांदळातलं नाव

‘तिचं नाव कशाला घालता? लेकरू हुईस्तोर पाव्हणीच की ती’ — सासूबाई आत्ता तुम्हाला म्हणाल्या, ते मी चुलीपाशी ऐकलं, गोरक्षनाथभाऊ. — नाही, उठू नका. त्या गेल्यात विजेच्या नव्या खांबांकडं, ह्यांना बोलवायला. ह्यांच्या सहीशिवाय विमा व्हायचा नाही ना? तोवर चहा घ्या. गुळाचा आहे. आमच्या कोपरगावाकडं आलं घालतात. इथं घातलं तर सासूबाई एक घोट घेऊन कप खाली ठेवतात.

तुम्हाला शोधलं कुणी, ठाऊक आहे? मी. हसू नका — मी कुठं शोधणार, उंबऱ्याबाहेर जाते ती पाण्यापुरती. आडावर राहीबाई कुणाला तरी सांगत होती, विमा उतरवणारा माणूस शनिवारी काष्टीच्या बाजारात, जनावरांच्या कडेला सायकल लावून बसतो. बैल विकून निघालेल्याला बरोबर गाठतो, पण फसवत नाही. ते मी ह्यांच्या कानावर घातलं. हे वायरमन. एकदाच मी भाकरी घेऊन गेले तर खांबाच्या शेंड्यावरून हसले माझ्याकडं — मी मातीकडं बघत राहिले, वर बघवेना. पण पैशासाठी नाही हो विमा. ते गेल्यावर काय मिळेल, ते तुम्ही मला सांगूच नका. मला एवढंच वाटलेलं, की तुम्ही विचाराल — तुमच्यामागं कोण? — आणि ह्यांना कुणासमोर तरी तोंडानं म्हणावं लागेल, की ही.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, वहिनींचं नाव काय, तेव्हा सासूबाई थांबल्या. मुद्दाम नाही हं. आठवेना त्यांना. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं — शकुंतला. सगळ्यांनी वाकून वाचलं. संध्याकाळी तेच तांदूळ शिजले. नावासकट जेवलो आम्ही. त्यानंतर त्या नावानं हाक कुणी मारली? कुणी नाही. ‘अगं’, ‘ए’, ‘आत कोण हाय का’ — मीच असते आत. जुनं नाव तर माहेरीच राहिलं. दुपारी घरात कुणी नसलं, की मी म्हशीला सांगते — मनकर्णा, मनकर्णा म्हणायचे मला. ती कान हलवते. — हे लिहू नका हं कुठं. कशाला बोलले मी... तुमचा चहा निवला.

आले वाटतं, सासूबाईही आल्या. — हो आत्याबाई, दिला चहा. — भाऊ, विचारा आता ह्यांना. आमच्यादेखत विचारा.

काय म्हणालात, आत्याबाई? गोजरबाई लिहा, आईचंच राहू द्या? — अहो, तुम्ही काही बोलणार आहात का? — खाली काय बघताय? खांबावरून तर नीट बघता येत होतं माझ्याकडं.

बरं. मग मी सांगते. लिहा, भाऊ. मनकर्णा. मनकर्णा भीमा दांगट. — हो आत्याबाई, नवऱ्याचं नाव घेतलं मी. आता सही करायची का नाही, ते त्यांनी बघावं.