ताईच्या नळाची बाटली

हॅलो?... हो, मीच. पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतूनच बोलतेय... अगं ताई, ऐक ना! मीच करणार होते फोन. तू परवा भाऊजींच्या हाती नळाच्या पाण्याची बाटली पाठवलीस ना, तिचा निकाल आला... नाही गं, थट्टा नाही. मर्यादेच्या तिप्पट, ताई! तिप्पट!

कसलं तिप्पट... थांब, सांगते. तलावात पानं कुजतात, त्यांचा अर्क पाण्यात उतरतो... हो, हो, तेच ते पिवळं. ते आधी तुरटीने खाली बसवायचं, मग क्लोरीन सोडायचं. यंदा आम्ही क्लोरीन आधीच सोडायला लागलो. रंग झटक्यात जातो ना! साहेब खूश, मीही खूश... अगं, जातोय कुठे? रंग तेवढा जातो. तो अर्क आणि क्लोरीन मिळून भलतंच काहीतरी तयार होतं... हो, घातकच. एका ग्लासाने काही होत नाही गं, पण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर...

तपासत होते की! रोज!... कुठलं म्हणजे? आमच्या फाटकाजवळच्या नळाचं... तिथेच तर माती खाल्ली मी. तिथे जेमतेम सुरुवात झालेली असते. पुढे पाइपात दोन-दोन दिवस ते वाढतच राहतं. आणि तुमची गल्ली पार टोकाला... हो ना. महिनाभर तू सांगत होतीस औषधासारखा वास येतो म्हणून. आणि मी काय म्हणाले? तुझं नाकच मेलं नखरेल! वर ‘पाणी पिण्यास योग्य’ असा माझ्या सहीचा कागदही पाठवला तुला.

हो, सांगितलं साहेबांना. पांढरेफटक पडले. आजपासून तुरटी आधी, आणि नमुनाही टोकाच्या नळाचा...

काय?... कुणाला दाखवलास माझा कागद?... अख्ख्या गल्लीला? ‘माझ्या बहिणीची सही आहे, बिनधास्त प्या’ असं?... अगं बाई!... आणि समोरच्यांनी आणलेला फिल्टर? तो परत करायला लावलास? त्यांच्या घरात तान्हं बाळ आहे, ताई!... नाही, नाही, तुझी कसली चूक? कागद माझा, सही माझी.

तू नको जाऊस दारोदार. मी येते. मीच सांगते सगळ्यांना, तोंड दाखवायला जागा राहिली नाही तरी...

ताई?... अगं, चार शिव्या हासड ना मला. निघालेच मी. आधी समोरच्यांकडे, त्या बाळाच्या घरी.