पाचव्या तासाची चूक

"भाषणं आटोपशीर ठेवाल तरच येतो," या अटीवर आजचं अध्यक्षपद स्वीकारणारे, वरसे गावचे निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय हैबतराव देशमुख. व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या प्लांटचे व्यवस्थापक प्रविणसाहेब. आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू दत्तात्रेय शिर्के सर. वडिलांना न्यायला नाशिकहून आलेली त्यांची कन्या मृणाली. कंपनीतले आजी-माजी सहकारी. अष्टमीहून पूल ओलांडून आलेले रसिक. आणि पेणच्या खारपट्ट्यातून सकाळीच येऊन तिसऱ्या रांगेत पंख्याखालची जागा धरून बसलेले माझे वडील काळुराम म्हात्रे, आपणा सर्वांना या हिरामणचा नमस्कार.

मी बोलणारा माणूस नाही. भजनात गाणारा आणि प्लांटमध्ये पॅनलसमोर बसणारा माणूस आहे. आज मात्र बोलायला उभा राहिलोय, त्याला कारण आहे. माझ्या आयुष्यात आज एक भलतीच आनंदाची गोष्ट व्हायची आहे. ती या भाषणाच्या शेवटी होईल. तेवढ्यासाठी तरी वड्यांचा वास आला म्हणून कुणी उठू नका, ही नम्र विनंती.

शिर्के सरांना कंपनीतला निरोप दीड वर्षापूर्वीच झाला. शाल, श्रीफळ, घड्याळ, सगळं झालं. मग आजचा हा दुसरा निरोप कशाचा? तर सर उद्या रोहा सोडून कायमचे नाशिकला लेकीकडे चालले आहेत, आणि आमचा ब्लूजचा बँड त्यांना निरोप देतो आहे. बँड म्हणजे लग्नाचा नव्हे. परवा एकाने मला तारीख विचारली, म्हणून खुलासा केला.

आता ब्लूज म्हणजे काय? अमेरिकेतल्या कष्टकरी काळ्या लोकांचं गाणं. त्यात माणूस आपलं दुखणं सांगत असतो आणि ऐकणारा डोलत असतो. हे रोह्यात कसं आलं? आमचा प्लांट नवा उभा राहत होता तेव्हा तिकडून रे नावाचा एक इंजिनिअर आठ महिने गेस्ट हाउसवर राहिला होता. सर तेव्हा तरणेबांड ऑपरेटर होते. दिवसा रे साहेबाने त्यांना प्लांट चालवायला शिकवलं आणि संध्याकाळी गिटार. प्लांट ताब्यात दिला त्या दिवशी त्याने कागदांवर सही केली आणि गिटारही सरांच्या हातात ठेवली. तीच ही गिटार. चौतीस वर्षं झाली. प्लांटमधलं सगळं बदललं, हिच्या फक्त तारा बदलल्या.

मी सरांच्या हाती लागलो तो कंपनीतल्या सत्यनारायणाला. भजन संपल्यावर सर म्हणाले, "हिरामण, तुझा सूर हलत नाही. गिटार शीक." माझं वय तेव्हा त्रेचाळीस. मी म्हटलं, "सर, या वयात?" ते म्हणाले, "तुला कुठे लग्न करायचंय?" झालं! दर रविवारी वरशात सरांच्या घरामागच्या शेडमध्ये माझी शाळा भरू लागली. आमच्या लॅबमधली भूमिका कॉर्ड वाजवायची, म्हणजे तीन-चार सूर एकदम छेडायची, मेंटेनन्सचा प्रणित ड्रम्स, आणि सर त्यावर सोलो. म्हणजे मागे कॉर्ड चालू असताना पुढे एकट्याने गिटार बोलती करायची. सर वाजवायचे तेव्हा शेजारचे कुत्रेसुद्धा भुंकायचे थांबायचे.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. सर म्हणाले होते ना, तुझा सूर हलत नाही? ते कौतुक होतं, आणि तीच माझी खोड निघाली. आपल्या भजनात पेटीवाला एक सूर धरून ठेवतो. आपला सा जागचा हलत नाही. जगबुडी झाली तरी नाही. आणि ब्लूजमध्ये? पायाखालची जमीनच हलते हो! मागची कॉर्ड बदलते, आणि आत्तापर्यंत गोड लागणारा सूर एकदम खुपायला लागतो.

सरांनी मला हे आपल्या भाषेत समजावलं. म्हणाले, "ब्लूज म्हणजे बारा तासांची शिफ्ट समज, एकेक तास चार ठोक्यांचा. तीन कॉर्ड म्हणजे तीन प्लांट, ए, डी आणि ई. पहिले चार तास तू ए प्लांटवर. मग दोन तास डी. परत दोन तास ए. एक तास ई, एक तास डी, आणि शेवटचे दोन तास परत ए. शिफ्ट संपली की लगेच पुढची सुरू. आता सांग, डी प्लांटवर उभा राहून ए प्लांटचे वाल्व फिरवलेस तर काय होईल?" मी म्हटलं, "स्फोट होईल सर." म्हणाले, "तू दर पाचव्या तासाला तोच करतोयस."

तो स्फोट रोहेकरांनी पाहिलाय. दोन वर्षांपूर्वीचं कंपनीचं स्नेहसंमेलन आठवतंय? मला पहिल्यांदा सोलोला उभं केलं होतं. चार तास झकास गेले. पाचव्याला भूमिका डी वर गेली, आणि मी डोळे मिटून माझा शुद्ध गंधार धरून ठेवला. मला वाटलं, काय सूर लागलाय! तेवढ्यात मंडपवाल्याचा वायरमन पळत स्टेजवर आला आणि त्याने माझी वायर उपटली. त्याला वाटलं, अ‍ॅम्प बिघडला. हसा, हसा. वायरमन नाथा आज इथे साउंडवर बसलाय, त्याला आधीच सांगून ठेवलंय की आज हात लावायचा नाही.

खरं तर उपाय एवढासा आहे. ए वरचा जो शुद्ध गंधार, तो डी येताच एकच पट्टी मागे घ्यायचा. कोमल गंधार. पेटी वाजवणाऱ्या भजनी मंडळींना कळेल, अगदी शेजारची पट्टी. सर म्हणायचे, "शुद्ध गंधार जाताना कोमल गंधाराला चार्ज देतो. आपला नियम काय आहे? रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचा नाही." प्लांटवरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आपली शिफ्ट संपली, पुढचा माणूस आला नाही, तर भुकेने पोट पाठीला लागलं तरी आपण उठत नाही. हे मला पाठ होतं. पण बोटांना कोण सांगणार? मी कोमल गंधारावर पोचायचो तोवर डी येऊन बसलेला असायचा. नेहमी अर्धा ठोका उशीर. अडीच वर्षं हेच.

मग गेल्या दिवाळीनंतर मी गावी गेलो होतो. आमचं घर मिठागरावर राबलेलं. बाबांनी चाळीस वर्षं बांधावर उघाडी सांभाळली. खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं ते दार, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. मी ओटीवर बसून मोबाइलवर कॉर्ड लावून वाजवत होतो. बाबा जाळं तुणत बसले होते. ना गिटार कळते, ना ए, ना डी. पण अर्ध्या तासाने म्हणाले, "हिरामण, तुजा काय चाललाय? पानी आत आल्याव दार लावतंस तू. आदी दारावर उभा र्‍हवाचा. पानी येतंय ता कानाला कलतंय ना?"

मंडळी, मी गार पडलो! कॉर्ड बदलली हे ऐकून हलायचं नसतं. बदलायच्या आधी तिथे जाऊन उभं राहायचं. चौथा तास सरता सरता बोट निघालं पाहिजे. मी पुन्हा लावलं. एक, दोन, तीन, चार... बोट एक पट्टी मागे सरकलं, आणि त्याच क्षणी डी आला. तो सूर असा उघडला की काय सांगू! अहो, एका पट्टीचा प्रवास, पण मी ओरडलो. आई चुलीजवळून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. बाबा म्हणाले, "कंय नाय, दार लागला येलवर."

त्या दिवशी मी साठ वेळा तरी ती शिफ्ट केली. दर पाचव्या तासाला बरोब्बर. रविवार कधी येतो असं मला झालं होतं.

रविवारी शेडवर पोचलो तर मृणाली आलेली. सर चहाला दूध आणायला गेले होते. मृणाली, तू मला हसून विचारलंस, तुला आठवत असेल, "काका, बाबांचा तो रिलीव्हर कोण हो? सव्वा वर्ष मी या म्हणतेय, आणि ते म्हणतात, माझा रिलीव्हर अजून तयार नाही, मी पॅनल सोडून कसा येऊ?" आणि मग तू हसायची थांबलीस. म्हणालीस, श्रावणात तीन दिवस ते तापाने एकटे पडून होते आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. खरंच कळलं नव्हतं. रविवार सोडला तर आम्ही कोण त्यांचं दार वाजवत होतो?

तोवर मला ठाऊकच नव्हतं की रिलीव्हर म्हणजे मी. आपण गेल्यावर सोलो मी सांभाळावा म्हणून सर थांबले होते. सर दूध घेऊन आले, गिटार लावली, भूमिकाने ए धरला. चार तास संपत आले. बोट निघालं होतं माझं... आणि मी ते थांबवलं.

होय मंडळी, मुद्दाम. शुद्ध गंधारावरच बसून राहिलो. मला जमलंय हे कळलं तर सर जातील, एवढंच डोक्यात आलं. सर म्हणाले, "हरकत नाही, होईल." पुढच्या रविवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. असे अकरा रविवार. एका आजारी, एकट्या माणसाला मी माझ्या लोभापायी अडकवून ठेवलं. ते काम वाईट होतं, आणि मृणाली, मी या सभेत तुझी माफी मागतो. ही माफी शेवटच्या औपचारिक माफीत मोजू नकोस, ही वेगळी.

अकराव्या रविवारी सरांनी गिटार खाली ठेवली. भूमिका आणि प्रणितला चहा आणायला पाठवलं. मला म्हणाले, "हिरामण, ज्याला येत नाही तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी चुकतो. तू अकरा रविवार एकाच ठोक्यावर चुकतोयस. जागा पक्की माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं चुकता येत नाही."

मी मान खाली घातली. विचारलं, "सर, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. बोट निघालेलं दिसलं मला."

"मग बोलला का नाही?"

सरांनी गिटार परत मांडीवर घेतली, एक खुंटी पिळली. मग म्हणाले, "मलाही जायचं नव्हतं रे."

अध्यक्ष महाराज, घड्याळाकडे बघताय ते पाहिलं मी. संपवतोच. त्यानंतर सरांनी स्वतःच आजची तारीख ठरवली. म्हणाले, "चार्ज चोरून द्यायचा नसतो. चारचौघांत द्यायचा." आणि सर, तुम्ही नाशिकला एकटे राहणार नाही, याचा मला आज खरोखर आनंद आहे. वाईट वाटतंय तेही खरं आहे. ब्लूज शिकलेल्या माणसाला दोन्ही गंधार वापरावे लागतात.

आता आभार मानतो. समाजमंदिर दिल्याबद्दल वरसे ग्रामस्थांचे, वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे, शिफ्ट बदलून दिल्याबद्दल प्रविणसाहेबांचे, अडीच वर्षं माझ्यासाठी तोच ए आणि तोच डी धरणाऱ्या भूमिकाचे आणि न कंटाळणाऱ्या प्रणितचे. बाबा, तुमचे आभार घरी मानेन, इथे मानले तर तुम्ही उठून जाल. सर, तुमचे मानत नाही. रे साहेबाचे तुम्ही कसे मानले होते? वाजवत राहूनच ना?

बोलण्याच्या ओघात अधिकउणा शब्द गेला असेल तर सभेने पोटात घालावा. वाजवतानाही चुका होतील. दुसऱ्या तासाला चुकलो, नवव्याला चुकलो, तर उदार मनाने क्षमा करा. पण पाचव्या तासाला चुकलो तर मात्र क्षमा करू नका. तिथे मी चुकलो तर ती चूक नसेल, या माणसाला आपले सर अजूनही जायला नको आहेत, एवढाच त्याचा अर्थ असेल.

भूमिका, ए धर. प्रणित, ठेका दे. सर, आज तुम्ही गिटारीला हात लावायचा नाही, नुसतं बसून ऐकायचं. मृणाली, बाबांची बॅग बंद कर.

सर, उठा पॅनलवरून. रिलीव्हर आलाय.