बिनभोकाची नोट

हासा लेकहो, पण आधी आयका. जर्मनीतल्या एका माणसाले आपल्या देशातल्या जुन्या नोटा जमवाचा नाद हाये. मी मराठीत लिहितो, मोबाईल त्याच्या भाषेत करून देते. पहिल्याच दिवशी त्यानं इचारलं, "आपल्या देशातील नोटा अतिशय सुंदर आहेत, परंतु प्रत्येक नोटेला छिद्र का आहे?"

म्हटलं, "भाऊ, आमच्या बँकेत गड्डीले पिना ठोकत. कोरी नोटही भोक घेऊनच बाहेर पडे."

"येथील संग्राहक छिद्र पाहून नाक मुरडतात. छिद्र नसलेली नोट शोधाल का?"

बोलता बोलता मी त्याले सांगितलं, आमच्या आसेगावात बोलणं 'जेवले का'पासून सुरू होते. तवापासून रोज संध्याकाळी मोबाईल वाजते, "आपण भोजन केले का? नोट सापडली का?"

मी लिहितो, "जेवलो. शोधून राह्यलो."

नोट कवाचीच सापडली. बायको गेल्यावर तिची पेटी उघडली, तं साडीच्या घडीत होती, बिनभोकाची. पण देऊन टाकली तं मंग या घरात मले जेवले का म्हणून इचारीन कोन?