शाल दिली, सही नाही

सत्काराचं नावच काढू नका माझ्यासमोर, राव. मागं मी आमच्या साप्ताहिकात बातमी छापली होती. मोशीतल्या एका आळीत ड्रेनेज लाइन टाकली म्हणून ठेकेदारानं बिल उचललं होतं, आणि तिथं कुदळसुद्धा लागली नव्हती. आळीनं मला डोक्यावर घेतलं. माझ्या फोटोचा फ्लेक्स, फेटा, शाल, नारळ. आळीतले जुने जाणते तानाजीआबा माइकवर म्हणाले, "ह्यो गडी आमच्यासाठी लढला. आख्खी आळी त्याच्या मागं हाय!" टाळ्या अशा पडल्या, की मला वाटलं, जिंकलो.

आठवड्यानं महापालिकेतून चौकशीचे साहेब आले. म्हणाले, "लाइन टाकलेली नाही, असं रहिवाशांनी लिहून द्यायला हवं. तुमची सही चालणार नाही. तुम्ही चिखलीत राहता."

मी कागद घेऊन दारोदार फिरलो. एकाच्या घराची परवानगी महापालिकेत अडकलेली. ठेकेदार दुसऱ्याचा पाव्हणा निघाला. तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. शेवटी आबांकडे गेलो. दारात सांडपाणी तुंबलं होतं, त्यात टाकलेल्या विटांवर पाय देत ओट्यावर चढलो.

"आबा, निदान तुम्ही तरी सही करा."

आबांनी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला.

"आरं बाबा, शाल दिली, नारळ दिला, फेटा तर म्या माझ्या हातानं बांधला. आता सही पण आमीच करायची व्हय?"